सगळ्यांना आवडलेला रडण्याचा सीन

माझ्या काकूचं रडणं गावोगावच्या थिएटरांत लागलं आणि ते ऐकून लोक पोट धरून हसले. हे मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. तेव्हा रागानेच लिहिते.

पहिलं मत मला जेवणाच्या सुट्टीत ऐकायला मिळालं. सावंगीला मोठ्या दवाखान्यासमोरच्या रांगेत एक लहानशी लॅब आहे, तिथे मी रक्त घ्यायचं काम करते. आमच्या काउंटरवरची मुलगी आदल्या दिवशी वर्ध्याला नवा विनोदी सिनेमा पाहून आली होती. डबा उघडायच्या आधीच तिने सुरू केलं. "मॅडम, काय पिक्चर आहे! त्यातला काका मेल्याचं सोंग घेऊन तिरडीवर पडतो आणि गावातल्या बाया रडायला येतात. त्यात एक म्हातारी आहे. पापुद्रा कोन खाईन वं माय! मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते." मग तिने डोक्यावर ओढणी घेतली, छाती पिटली आणि तोंड वाकडं करून ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. मशीनवरचा आमचा टेक्निशियन हसता हसता ठसकला.

माझा घास हातातच राहिला. ते वाक्य जगात एकच बाई म्हणते. ती माझी काकू आहे, आणि ते वाक्य ती तिच्या गेलेल्या लेकीला म्हणते.

"ती माझी काकू आहे," मी म्हटलं.

"अय्या, खरंच? मग एकदा आणा ना त्यांना इकडे. सेल्फी घेऊ."

तेवढ्यात पेशंट आला म्हणून ती मुलगी वाचली. त्या पेशंटच्या दंडाला मी पट्टा जरा जास्तच आवळला. मला राग आला की माझ्या हाताला कळतं, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. पण त्या दुपारी रागापेक्षा धास्ती मोठी होती. काकूने सिनेमा अजून पाहिलेला नव्हता. लोक कुठे हसतात ते तिला माहीत नव्हतं. ते तिला कळू द्यायचं नाही, एवढं मी तिथेच ठरवलं. कारण लेकीचं असं तिच्याकडे दुसरं काही राहिलेलंच नाही. तिला आठवून सूर धरून रडणं, तेवढं आहे. त्यावर कोणी हसलं आणि ते तिने ऐकलं, तर ती ते सोडून देईल. मी तिला ओळखते.

मागच्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी संपत आली होती तेव्हा, हे शूटिंगवाले आमच्या गावात आले होते. आमचं गाव अल्लीपूरच्या जवळ. रविवार होता म्हणून मी घरी गेले होते, त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे, कोणाचं ऐकून सांगत नाही. एका मोठ्या अंगणात त्यांनी तिरडी बांधली होती, मडकं ठेवलं होतं, आणि ज्याने मरायचं तो नट तिरडीवर मांडी घालून चिवडा खात बसला होता. गावातल्या वयस्क बायकांना त्यांनी रडायला बोलावलं होतं. टोपी घातलेली पुण्याकडची एक मुलगी सगळ्यांना समजावत होती. बोलायला गोड होती.

"मावशी, तुम्ही नेहमी रडता ना, अगदी तश्शाच रडा. ॲक्टिंग नको."

"रडू ना माय," काकू म्हणाली. "पन कोनाले रडाचं?"

"हे काका गेलेत असं समजायचं."

काकूने तिरडीवरच्या त्या काकाकडे पाहिलं. काकाने चिवड्याचा हात पुसून तिला नमस्कार केला. तिशीतला पोरगा, मिशा पांढऱ्या केलेल्या. काकूने तिथल्या तिथे बाकीच्या बायकांना जरा बाजूला घेतलं आणि त्यांची खुसुरफुसुर सुरू झाली. मी जवळच उभी होते.

"जित्या मानसाले कसं रडाव वं? अभद्र असते."

"मेल्याची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते म्हनतेत."

"बातमीनं वाढते. रडल्यानं नाई वाढत," काकू म्हणाली. "त्याची माय असन ना कुठी तरी. तिच्या लेकरावर आपन काऊन सूर धराचा? ज्यानं त्यानं आपल्या मानसाले रडा. त्याले धक्का नाई लागाले पाह्यजे."

सगळ्यांना ते पटलं. कोणी सासऱ्याला घेतलं, कोणी बहिणीला, एकीने तर बांधावरच्या विहिरीत पडून गेलेल्या दिराला. टोपीवाल्या मुलीला हे कोणी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. एक अनोळखी पोरगा तिरडीवर पडणार आहे, त्याच्या जिवाला बाधा येऊ नये म्हणून आपण आपले मेलेले द्यायचे, इतकी ही साधी गोष्ट होती.

आमच्याकडच्या जुन्या बायका नुसत्या रडत नाहीत. रडताना बोलतात, आणि बोलणं सुरात असतं. गेलेल्या माणसाला समोर बसवून त्याची हकिगत त्यालाच सांगतात. तू असा होतास, तुला हे आवडायचं, तू गेल्यावर घरात असं झालं. शहरातल्या माणसाला ते ऐकून पहिल्यांदा विचित्र वाटतं, मान्य आहे मला. पण नीट कान दिला तर त्यात एक अख्खं माणूस ऐकू येतं.

काकूची लेक माझ्याच वयाची होती. एका बाकावर बसून शिकलो, एकमेकींच्या वेण्या घातल्या, एकमेकींच्या चुगल्याही केल्या. बारावीच्या वर्षी ती काविळीत गेली. काकू भाकरी टाकायची तेव्हा ही चुलीशेजारी उकिडवी बसलेली असायची. भाकरी फुगली की काकू तिचा वरचा पातळ पापुद्रा सोलून हिच्या हातात द्यायची, आणि ही त्यावर तेल-तिखट घालून उभ्या उभ्या खायची. जेवायला बसायच्या आधीच तिचं अर्धं जेवण झालेलं असायचं. काकू अजूनही पहिल्या भाकरीचा पापुद्रा काढते आणि खिडकीत ठेवते. चिमण्या खातात, नाही तर वाळून जातो.

तर काकूने तिरडीशेजारी बसून डोक्यावर पदर घेतला आणि सूर धरला. "माह्ये बाई वं... भाकर टाकली का तुही सय येते वं... पापुद्रा कोन खाईन वं माय..." त्या अंगणात मग कोणी हललं नाही. टोपीवाली मुलगी टोपी पुढे ओढून डोळे पुसत होती. लाइटवाले माना खाली घालून उभे होते. दिग्दर्शक थांबा म्हणाला तरी तिरडीवरचा पोरगा लगेच उठला नाही. उठला तो थेट काकूच्या पाया पडला. दिग्दर्शक दाढीवाला, भारदस्त माणूस. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, असं मी आयुष्यात ऐकलं नाही."

म्हणजे त्यांना कळलं होतं. माझ्या रागाचं मूळ तिथे आहे. न कळून कोणी केलं असतं तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरूनही गेले असते. यांनी ऐकलं, डोळे पुसले, पाया पडले, मुंबईला गेले आणि मग ते केलं.

काय केलं ते मी दोन दिवसांनी ड्युटी संपल्यावर एकटी जाऊन पाहिलं. काकूचा चेहरा पडदाभर येतो. ती "माह्ये बाई वं" म्हणते, आणि मागे पिपाणीसारखं काहीतरी वाजतं. मग मेलेल्या काकाचं नाक वळवळतं, कारण त्याला शिंक येतेय. काकू "पापुद्रा" म्हणते की ढोलाचा ठोका. ते पुन्हा, पुन्हा, पुन्हा. तिचा तोच शब्द कापून त्यांनी ओळीने लावला होता. दर ठोक्याला तिचं तोंड उघडतं, मिटतं. शेवटी काका शिंकतो आणि बायका किंचाळत पळतात. पळणाऱ्या बायका आमच्या गावच्या नाहीत, त्या नंतर कुठेतरी घेतलेल्या. थिएटरात शिट्ट्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईने हसता हसता माझ्या मांडीवर चापट मारली. ओळख ना पाळख, पण आनंदात होती बिचारी.

इथे कोणी म्हणेल, बाईला विनोद कळत नाही. तसं म्हणणारे पुढे पुष्कळ भेटले. मला विनोद चांगला कळतो. आमच्या घरात हसण्यावरून सगळ्यांत जास्त बोलणी मी खाल्ली आहेत. आणि मरणावर हसायचं नाही, असंही आमच्याकडे काही नाही. आमच्या गावात सरण रचताना पुरुष मेलेल्याचीच टिंगल करत असतात. याला जिवंतपणी कधी वेळेवर निघता आलं नाही, आजही उशीर करून राह्यला, असं म्हणतात आणि मोठमोठ्याने हसतात. पण ते हसणारे लाकडं फोडून घामाघूम झालेले असतात, आणि खांदाही तेच देतात. ते हसणं मला कधी टोचलं नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मला जो भेटेल त्याचं मत ऐकावं लागलं. साखर तपासायला आलेल्या एका रिटायर्ड मास्तरांचं मत पडलं की अशा सिनेमांनी आपल्या भागाची भाषा जगापुढे नेली, अभिमान वाटला पाहिजे. हात पुढे करून, सुईकडे न पाहता ते मला अभिमान शिकवत होते. फोनवर एक दाढी कोरलेला पोरगा गाडीत बसून सिनेमांची परीक्षणं करतो. तो म्हणाला, मातीतला विनोद, अस्सल गावरान, पैसा वसूल. कॉलेजच्या पोरी त्या वाक्यावर ओठ हलवून रील करत होत्या, कोणी हातात पिझ्झा घेऊन, कोणी डोशाचा पापुद्रा काढून. आणि एका कोणा शहाण्याने लिहिलं होतं, सिनेमा छान आहे, फक्त ती म्हातारी जरा ओव्हरॲक्टिंग करते.

हे वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओव्हरॲक्टिंग! त्या माणसाला मी उलट लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. काय लिहिणार? की दादा, तिची लेक मेली आहे? ते वाचून तो हळहळला असता आणि खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली असती, आणि मग तेही काकूपर्यंत पोचलं असतं. मी फोन पालथा घातला.

गावात वेगळाच जोर होता. चौकात फलक लागला, त्यावर सगळ्या रडणाऱ्या बायकांचे फोटो आणि हार्दिक अभिनंदन. रविवारी गाड्या करून हिंगणघाटला सिनेमा पाहायला जायचं ठरलं. मी शनिवारीच गावी गेले आणि काकूच्या कानाशी लागले. पिक्चर काही खास नाही. आवाज फार मोठा असतो. तुझे गुडघे दुखतात, तिथे जिने आहेत. नंतर फोनवर दाखवते की.

काकू ट्रंकेतून ठेवणीतलं पातळ काढत होती. ती थांबली नाही. "माह्यी पोरगी हाय त्यात," ती म्हणाली. "मी बोलावलं ना तिले तिथं, सगळ्यायसमोर. आन मीच नाई जाऊ पाहाले?"

तिला खरं सांगून टाकावं असं एकदा जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे लोकांचं हसणं मीच माझ्या तोंडाने तिच्या घरात आणायचं. माझ्याने ते झालं नाही. मी तिच्या पातळाच्या निऱ्या धरल्या.

थिएटरात आमच्या गावाने दोन ओळी अडवल्या होत्या. काकू माझ्याजवळ बसली, पाय वर घेऊन. सुरुवातीचं काही तिला कळत नव्हतं, पण बाकीचे हसले की तीही समजूतदारपणे हसत होती. मग तिरडी आली. ती सावरून बसली, पाय खाली सोडले, डोक्यावरचा पदर नीट केला. पडद्यावर तिचा चेहरा आला तेव्हा आमच्या गावाने टाळ्या पिटल्या, आणि तिने माझा हात धरला. मग पिपाणी वाजली.

हॉलभर हशा फुटला. आमच्या मागे बसलेले, पुढचे, आमच्या गावचेही. ज्या बाईने दिराला घेतलं होतं ती आधी खो खो हसली, मग तिची नजर काकूकडे गेली आणि तिने तोंडात पदर कोंबला. काकू पडद्याकडे पाहत नव्हती. ती मागे वळून लोकांचे चेहरे पाहत होती. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर, सावकाश, कोणालातरी शोधावं तशी. ढोलाचे ठोके चालूच होते. मी तिचा हात दाबला, पण तिचं लक्ष नव्हतं.

बाहेर आलो तर पायरीवर एक पोरगा माइक घेऊन उभा होता, त्याचा मित्र फोन धरून. येईल त्याला विचारत होता, पिक्चर कसा वाटला, सगळ्यात भारी सीन कोणता. आमच्याच गावातल्यांनी काकूला पुढे केलं. "यायलेच विचारा ना भाऊ. ह्याच हायेत त्या."

"पापुद्रावाल्या आजी? क्या बात है!" पोराचे डोळे लकाकले. "आजी, पब्लिक पागल झालीये तुमच्यासाठी. कसं वाटून राह्यलं?"

काकूने माइककडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्याशी ती अगदी नीट, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलली. "बापू, लोक काऊन हासले ते मले नाई समजलं. मी काई चुकीचं बोलली का?"

"नाई नाई आजी, एकदम जबरदस्त. एकदा लाइव्ह होऊन जाऊ द्या ना. फक्त ती लाइन."

त्यानंतर काय झालं ते मला सगळं आठवत नाही, पण पाहायचं असेल त्याला पाहायला मिळेल, कारण त्यांनी ते टाकलं आहे. मी त्याचा माइक हिसकला. त्याला विचारलं, तुझ्या घरी कोण मेलंय? बोल, कोण मेलंय, तुझी माय कशी रडली ते करून दाखव, मी फोन धरते. तो मागे सरकला. मी त्याला, त्याच्या मित्राला, त्या दाढीवाल्या दिग्दर्शकाला, थिएटरातून बाहेर येणाऱ्या सगळ्या लोकांना जे तोंडाला येईल ते बोलले. माझा आवाज चिरका होतो. व्हिडिओत मी भांडकुदळ दिसते, आणि होतेच.

त्यावरही लोकांनी मतं दिली. प्रसिद्धीसाठी नाटक. हिला पैसे कमी मिळाले असतील. सिनेमा सिनेमासारखा बघा. आजी किती गोड, आणि ही बाई केवढी खडूस. एकीने लिहिलं होतं, आजीने आम्हाला हसवलं, हे पुण्याचंच काम आहे. माझ्या 'तुझ्या घरी कोण मेलंय' वरही कोणीतरी ढोल लावला. माझं काही जात नाही. मी रागावलेली बाई आहे, रागावलेल्या बाईला हसायची लोकांना सवयच असते.

परतीच्या गाडीत काकू खिडकीशी बसून पुटपुटत होती. मी कान दिला. ती तिचेच शब्द एकेक करून तपासत होती. "सय येते म्हनलं, ते तं बरोबर होतं ना वं?" तिने मला विचारलं. "का मंग पापुद्रा नव्हतं म्हनाले पाह्यजे? खान्याचं नाव नव्हतं घ्याले पाह्यजे, नाई?"

"तू काही चुकली नाहीस, काकू. ती माणसं नालायक आहेत."

"एवढे सगळेच्या सगळे कसे नालायक असतीन वं?" ती म्हणाली. ती मला समजावत होती. "माह्यंच चुकलं असन कुठी तरी."

माझ्या रागाचा तिला काही उपयोग नव्हता, हे मला त्या गाडीत कळलं. आणि म्हणून मला आणखी राग आला.

उन्हाळ्यात काकूचा धाकटा भाऊ गेला. आर्वीला, घरीच, दुपारी झोपेत. मला फोन आला तशी मी लॅबमधून निघाले, वर्ध्याच्या स्टँडवर काकूला गाठलं आणि आम्ही आर्वीची एसटी धरली. त्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवला होता. एसटीत ती हुं की चूं करत नव्हती. मला वाटलं, दुःख पोटात साठवून ठेवलंय, दारात गेल्यावर सोडेल.

मयतीच्या घरी जाताना आमच्याकडच्या बायका गल्लीच्या तोंडापासून सूर धरतात. आत बसलेल्यांना त्या सुरावरून कळतं कोण आलं ते. कोणाला बाहेर येऊन सांगावं लागत नाही. लेकीचा सूर वेगळा, बहिणीचा वेगळा, आणि बहिणीच्या सुराची तर सगळं घर वाट पाहत असतं, कारण तिने भावाला हाक मारल्याशिवाय त्याला उचलत नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी मी तिचा दंड धरला. मांडवात पुरुष बसले होते, पोरं भिंतीला टेकून उभी होती, बहुतेकांच्या हातात फोन होता, जसा तो आता सगळ्यांच्या हातात असतो. कोणी काही करत नव्हतं. फक्त एका सुनेने दुसरीला कोपरानं ढोसलं आणि दोघींनी काकूकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. पण काकूने ते ढोसणं पाहिलं. तिने पदराचा बोळा करून तोंडात धरला.

"रड ना वं काकू," मी म्हटलं. मी तिच्याशी तिच्या बोलीत कधी बोलत नाही, पण तेव्हा तेच आलं.

तिने मान हलवली. बोळ्याआडून म्हणाली, "लोक हायेत ना."

ती गल्ली आम्ही मुक्याने चाललो. आत भावजय नवऱ्याच्या उशाशी बसली होती, कपाळापर्यंत पदर ओढलेला, डोळे रडून मिटल्यासारखे झालेले. काकू तिच्याशेजारी जाऊन बसली. भावाच्या पायांवर तिने हात ठेवला आणि तशीच बसून राहिली, खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. बाहेर माणसं उठायला लागली. कोणी म्हणालं, ऊन कलतं आहे, आता उचलायला पाहिजे.

"थांबा ना," भावजय पदरातूनच म्हणाली. "बाई येऊ द्या. बहीन नाई आली त्याची अजून."

काकू तिच्याकडे सरकली. तिच्या कानाशी तोंड नेऊन, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "आली ना वं. मघाचीच आली."